वृद्धाश्रम बघायला जाल तेव्हा शेवटच्या खाटेपर्यंत जा

तुम्ही विचारलंत ते थोडक्यात असं. आई ७९ वर्षांच्या. पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. आता वॉकर घेऊन चालतात, पण विसरायला लागल्या आहेत आणि रात्री उठून दार उघडायला जातात. सदाशिव पेठेतलं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, तुम्ही दोघं हिंजवडीला नोकरीला. धायरी, वारजे आणि भूगाव अशी तीन ठिकाणं बघून आलात. तिन्ही स्वच्छ आणि प्रसन्न वाटली, म्हणून ठरवता येत नाही.

तिन्ही सारखी वाटली, कारण तिन्हीकडे तुम्हाला एकच भाग दाखवला गेला. झोपाळा, देवघर, टीव्हीचा हॉल आणि हॉलमध्ये बसलेले हिंडते-फिरते आजी-आजोबा. मी बावीस वर्षं परिचारिका होते, त्यातली शेवटची अकरा वृद्धांच्या निवासी संस्थांमध्ये. आता कुटुंबांच्या वतीने अशी ठिकाणं तपासून देते. माझं पहिलं सांगणं हे की हॉल बघून काहीच ठरवू नका. ज्या माणसाला स्वतः उठता येत नाही, तक्रार करता येत नाही आणि ज्याला भेटायला फारसं कुणी येत नाही, त्याची खाट शोधा. ती बहुतेक मागच्या खोलीत असते. आई आज हॉलमध्ये बसतील, पण आणखी दोन-तीन वर्षांनी कदाचित त्या खाटेवर असतील. तिथे जशी काळजी मिळते, तोच त्या संस्थेचा दर्जा.

मागची खोली दाखवायला संस्थेने का-कू केली, तर कारण नीट ऐका. "त्यांची आंघोळ चाललीय, दहा मिनिटं थांबा" हे चांगलं लक्षण आहे. "तिकडे काही बघण्यासारखं नाही" हे नाही.

तिथे गेल्यावर टाचा बघा. सतत पडून राहिल्याने होणारी पाठीची जखम, म्हणजे बेडसोअर, कपड्याखाली असते आणि परक्या माणसाने ती बघूही नये. टाचा मात्र बऱ्याचदा चादरीबाहेर असतात. टाच गादीवर टेकलेली आहे, की पोटरीखाली उशी देऊन अधांतरी ठेवली आहे? एवढ्या एका गोष्टीवरून तिथल्या मावश्यांना कुणी शिकवलंय का, ते कळतं. टाचेवरचा लाल चट्टा दाबल्यावर पांढरा पडत नसेल, तर ती बेडसोअरची सुरुवात आहे. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही. तिथे ती जागा काळपट, गरम किंवा कडक लागते. हवेची गादी दिसली तर तिच्यावर तळवा ठेवून बघा. मोटर बंद आणि गादी चपटी, असं मी इतक्या ठिकाणी पाहिलंय की आता खोलीत शिरल्यावर माझा हात आपोआप गादीकडे जातो.

मग कूस बदलल्याची नोंद मागा. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. वहीत रात्रीच्या दोन, चार आणि सहाच्या नोंदी एकाच शाईने, एका दमात लिहिल्यासारख्या दिसल्या, तर त्या सकाळी चहा पिताना लिहिलेल्या असतात. आणि थेट विचारा, "सध्या किती जणांना बेडसोअर आहेत? किती जण जखम घेऊन आले आणि किती जणांना इथे झाली?" चाळीस खाटांच्या ठिकाणी "आमच्याकडे एकालाही नाही" हे उत्तर मला पटत नाही. "तीन. दोघी हॉस्पिटलमधून जखम घेऊन आल्या, एकीला इथे झाली, आता भरत आलीय," असं सांगणाऱ्या सिस्टरवर मी जास्त विश्वास ठेवते.

आता तुमच्या आईंच्या सध्याच्या स्थितीत सगळ्यात महत्त्वाची जागा म्हणजे संडास-बाथरूम. एकदा खुबा मोडलेलं माणूस पुन्हा पडण्याचा धोका मोठा असतो, आणि रात्री लघवीला उठताना तो विशेष असतो. म्हणून आईंना जी खाट देणार आहेत, तिच्यावर तुम्ही स्वतः बसा. आईंची उंची लक्षात घेऊन बघा, की त्यांचे पाय जमिनीला पूर्ण टेकतील का. तिथून कमोडपर्यंत चालत जा, पावलं मोजा. वाटेत हात टेकायला काय आहे? दिव्याचं बटण अंथरुणातून हाताला लागतं का? रात्रभर मंद दिवा असतो का? बाथरूमच्या दारात कडाप्प्याचा उंबरा असतो, पाणी बाहेर येऊ नये म्हणून आपण पुण्यात सगळीकडे बसवतो तो. इंचभर उंबऱ्यालाही वॉकरचा पाय अडकतो.

कमोडशेजारच्या दांडीला धरून अंगाचा पूर्ण भार टाका. बिचकू नका, ती त्यासाठीच असते. बऱ्याच ठिकाणी टॉवेल टांगायचा रॉड आडवा बसवून त्यालाच आधाराची दांडी म्हणतात. तुमच्या हातात निघून येत असेल, तर आज तुमच्या हातात निघालेली बरी. जमिनीवर तांब्याभर पाणी ओता आणि ते कुठे जातं बघा. मोरीकडे न जाता दाराकडे आलं, तर रोज आंघोळीनंतर तिथे ओलंच राहणार. दार बाहेर उघडणारं हवं. आत उघडणाऱ्या दाराला टेकून माणूस पडला तर दार ढकलताच येत नाही. कडी बाहेरून काढता यायला हवी.

मोजपट्टी सोबत न्या. राष्ट्रीय इमारत संहितेत चाकाच्या खुर्चीसाठी दाराची मोकळी रुंदी ९०० मिलिमीटर आणि उताराचं प्रमाण १ ला १२ असं धरलेलं आहे. म्हणजे सहा इंचांच्या तीन पायऱ्या चढायच्या असतील, तर उतार १८ फुटांचा हवा. भाड्याने घेतलेल्या बंगल्यांमध्ये तेवढी जागा नसते, मग पाच फुटांची घसरगुंडी बांधतात. तिच्यावरून खुर्ची उतरवताना मावशीचा तोल गेला, तर दोघीही पडतात.

बाथरूममध्ये गॅस गीझर आत बसवलेला दिसला, तर पुढचं काहीही बघू नका, आधी तो बाहेर काढायला सांगा. बंद जागेत गॅस जळताना कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नसतो, गुदमरल्यासारखंही वाटत नाही, माणूस फक्त गळून जातो. थंडीत खिडकी लावून घेतलेल्या बाथरूममध्ये अशा घटना होतात. मधुमेहाने पायांची संवेदना गेलेली माणसं कढत पाण्यानेही भाजतात आणि त्यांना कळत नाही. म्हणून विचारा, आंघोळीच्या पाण्यात आधी हात कोण घालून बघतं?

दुसरी फेरी रात्री साडेनऊला करा, न कळवता. "इकडून जात होतो, आईची खोली पुन्हा बघायची होती," एवढं कारण पुरतं. दिवसा कामावर सात माणसं दिसलेल्या ठिकाणी रात्री दोघी असतात, आणि त्यातली एक झोपलेली असते. तिला दोष देऊ नका. ती सकाळी सातपासून कामावर असते. मराठवाड्यातून, विदर्भातून आलेल्या मुली तिथेच राहतात, आणि चोवीस तासांची ड्युटी असं तोंडभरून सांगितलं जातं. चोवीस तास कुणीच जागं राहू शकत नाही. माझा स्वतःचा आडाखा असा, की अंथरुणाला खिळलेल्या किंवा विसरभोळ्या आठ-दहा माणसांमागे रात्री एक जण जागा हवा, आणि इमारतीत एकूण कधीही दोनपेक्षा कमी नकोत, कारण एकीला कुणाला घेऊन हॉस्पिटलला जावं लागलं तर मागे कोण? हा प्रश्न त्यांना विचारा.

मावश्यांशी बोला. किती महिने झाले इथे? सुट्टी कधी मिळते? झोपायला जागा कुठे आहे? पगार वेळेवर होतो का, हे त्या तुम्हाला सांगणार नाहीत, पण तीन महिन्यांपूर्वीची एकही मावशी आज तिथे नसेल तर उत्तर मिळालंच. विसरणाऱ्या माणसाला रोज नवा चेहरा म्हणजे रोज नवी भीती. तीन-चार वर्षं टिकलेल्या दोन मावश्या असतील, तर बाकीच्या थोड्या उणिवा मी पोटात घालते.

रात्रीच्या फेरीत आणखी एक गोष्ट. आई रात्री दाराकडे जातात, म्हणून संस्था दाराला कुलूप लावणार, आणि ते समजण्यासारखं आहे. पण किल्ली कुठे आहे? एका ठिकाणी मी असंच विचारलं. मावशी म्हणाल्या, किल्ली साहेबांकडे असते. साहेब शेजारच्या गल्लीत राहत होते. बाहेरून कुलूप, सगळ्या खिडक्यांना ग्रिल, आत एकवीस माणसं. त्या रात्री मी कुलूप आतून घालून किल्ली आत टांगायला लावली, मगच निघाले. घरी येऊनही झोप लागली नाही.

आगीच्या बाबतीत आग विझवायची नळकांडी मोजून भागत नाही. नळकांड्याचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, भरल्याची तारीख कोणती, हे बघाच. पण मुख्य प्रश्न हा की उठता न येणारी माणसं कोणत्या मजल्यावर ठेवली आहेत. वरच्या मजल्यावर असतील, तर रात्रीच्या दोघी त्यांना खाली कशा आणणार, हे त्यांनी कधी करून बघितलंय का? गादीसकट ओढत न्यायचं शिकवता येतं, मी शिकवलेलं आहे. इमारत संहितेत वृद्ध आणि अपंगांची निवासस्थानं साध्या घरांत मोडत नाहीत, त्यांची गणना संस्थात्मक इमारतींत होते. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यात यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावं लागतं. त्याला 'फॉर्म बी' म्हणतात. शेवटचा दाखवा म्हणा.

तिसरी फेरी गुरुवारी. पुण्यात गुरुवार म्हणजे बऱ्याचदा दुरुस्तीसाठी पाणी बंद, वीजही अनेकदा त्याच दिवशी जाते. त्या दिवशी दुपारी संडासात बादली भरलेली आहे का, लिफ्ट वीज गेल्यावर जवळच्या मजल्यावर येऊन उघडते का, आणि ऑक्सिजनचं मशीन लावलेल्या आजोबांना वीज गेल्यावर काय मिळतं, हे दिसतं. धायरीच्या बाबतीत पाण्याकडे विशेष लक्ष द्या. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी भागात गिया-बारे (जीबीएस) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले तेव्हा दूषित पाण्याचाच संशय पुढे आला होता. पाण्यात क्लोरीन आहे की नाही, हे ग्रामपंचायतीत करतात त्या ओटी टेस्टने मिनिटभरात कळतं. क्लोरीन असेल तर थेंब टाकले की पाणी पिवळं होतं. लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं हवं. ही चाचणी टाकीच्या नळाला करा, आरओच्या नाही. आरओ क्लोरीन काढून टाकतो, म्हणून त्याचं पाणी रंग दाखवणारच नाही. टाकी शेवटची कधी धुतली, टँकर कुठून येतो, हेही विचारा. भूगावला टँकर आणि बोअरवर किती भिस्त आहे, त्याचीही चौकशी करा.

औषधांची वही मी कधीच सोडत नाही. कुणाचंही नाव झाकून एक पान दाखवा, असं म्हणते. सकाळी अकराला गेले आणि संध्याकाळच्या गोळीपुढे आधीच टिक केलेली दिसली, तर त्या वहीतली एकही टिक खरी मानायची नाही. रक्तदाबाच्या रकान्यात ओळीने सगळ्यांचा १२०/८० असेल, तर यंत्राला कुणी हात लावलेला नाही. गोळ्या मूळ पाकिटात नावासकट हव्यात. सगळ्यांच्या एका डब्यात ओतून ठेवलेल्या गोळ्या मी बघितल्या आहेत. इन्शुलिन फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत हवं, पण फ्रीझरला चिकटून नको, गोठलं की ते वाया जातं.

आईंच्या बाबतीत एक गोष्ट लेखी ठरवून घ्या. विसरणारं माणूस रात्री जागं राहिलं, की त्याला शांत ठेवण्यासाठी गुंगीचं औषध सुरू करायचा मोह होतो. त्या औषधाने माणूस शांत होतं, पण सकाळी तोल जातो, घास घशात अडकतो, आणि पुन्हा पडतं. डॉक्टरांनी तपासून, तुम्हाला सांगून, किती दिवसांसाठी हे लिहूनच ते द्यायचं. आई अचानक दोन दिवसांत जास्त गोंधळल्या, तर आधी लघवीची तपासणी, बद्धकोष्ठ, पाणी कमी पडलंय का आणि दुखतंय का, हे बघायला हवं. "वय झालंय, असंच होणार" असं उत्तर देणारी सिस्टर मला चालत नाही. खाटेला साडीच्या पट्टीने हात बांधलेला दिसला, तर त्या संस्थेचा विचार तिथेच सोडा.

जेवणाचा तक्ता भिंतीवर सगळीकडे सुंदर असतो. तुम्ही ताट बघा, आणि ताट परत जाताना बघा. पोळीचे तुकडे तसेच परत जात असतील, तर ते माणूस चावू शकत नाही, आणि ते कुणाच्या लक्षात आलेलं नाही. कवळी कुठे आहे, ते विचारा. रात्रीचं जेवण किती वाजता? स्वयंपाकाच्या बाईंना घरी जायचं असतं म्हणून साडेसहाला जेवण आणि सकाळी साडेआठला उपमा, असं असेल तर मध्ये चौदा तास जातात. मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्याची साखर पहाटे उतरू शकते. झोपताना कपभर दूध किंवा पेज मिळते का? दुपारी चारला खाटेशेजारच्या बाटलीत किती पाणी उरलंय, आणि बाटली हात पोचेल अशी आहे का, हेही बघा. डायपर कमी लागावेत म्हणून पाणी कमी देणारी ठिकाणं आहेत, आणि याचा मला फार राग येतो. झोपवून भरवताना दिसले, तर तिथल्या तिथे थांबवा, घास फुप्फुसात जातो. वजनाचा काटा आहे का आणि दर महिन्याला वजन लिहितात का? पन्नास किलोच्या आजींचं वजन महिन्यात अडीच किलो उतरलं, तर डॉक्टरांना बोलवायलाच हवं.

वासाबद्दल लोक नेहमी विचारतात. सकाळी दहाला थोडा लघवीचा वास येणं स्वाभाविक आहे, तेव्हाच सगळं बदलणं चाललेलं असतं. दुपारी तीनलाही तोच वास असेल, तर गादीत मुरलाय. फिनेलचा भपकारा आला तरी मी सावध होते.

आणखी एक गोष्ट मी बघते, ती कुठल्याच तपासणीच्या यादीत नसते. सगळ्या आजींचे केस एकसारखे कापलेले आहेत का? सगळ्यांच्या अंगावर धुऊन आलेल्या ढिगातले गाऊन आहेत का? जन्मभर पातळ नेसलेल्या बाईला पहिल्याच आठवड्यात केस कापून दुसऱ्याच्या गाऊनमध्ये बसवलं, की ती आरशात बघायचं सोडते. आईंच्या कपड्यांवर नाव शिवून द्या, आणि केसांना तुम्हाला विचारल्याशिवाय कात्री लावायची नाही, असं सांगून ठेवा. चष्मा आणि श्रवणयंत्र रोज सकाळी कोण लावून देणार, तेही ठरवा. कॅमेरा पॅसेजमध्ये असू दे, खोलीत आणि बाथरूममध्ये नको. "कॅमेरे आहेत, काळजी नको" असं म्हणणाऱ्याला विचारा, रात्री ते बघतं कोण?

कागदपत्रांचं फार मोठं नाही. धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी म्हणजे ट्रस्ट नोंदलेला आहे, एवढाच त्याचा अर्थ. काळजी चांगली आहे, याचा तो दाखला नाही. करारात डिपॉझिट किती दिवसांत परत, दरवाढ किती, आई अंथरुणाला खिळल्या तर ठेवणार की घेऊन जा म्हणणार, हॉस्पिटलला नेताना सोबत कोण आणि कुठे, हे हवं. शेवटच्या मुद्द्यासाठी एका संध्याकाळी सातला धायरीहून तुमच्या पसंतीच्या हॉस्पिटलपर्यंत स्वतः गाडी चालवत जा. आणि आईंचं घर किंवा ठेव कुठल्याही संस्थेच्या नावावर करू नका. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ मध्ये सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता परत मिळवण्याची सोय आहे, पण त्यासाठी प्राधिकरणापुढे झगडावं लागतं. तक्रारीची वेळ आली, तर ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइन सकाळी आठ ते रात्री आठ चालू असते. जिवाचा प्रश्न असेल तर ११२.

तुम्ही सांगितलंत त्यावरून आईंसाठी मी अथश्रीसारख्या ज्येष्ठांच्या गृहसंकुलाचा विचार करणार नाही. ती स्वतःचं स्वतः करणाऱ्यांसाठी उत्तम, पण आईंना रात्री कुणीतरी जागं हवं. तीनपैकी एक निवडलंत, की लगेच वर्षाचे पैसे भरू नका, पंधरा दिवस राहायला पाठवा. त्या आधी आईंना घेऊन एकदा जेवायला जा. त्या विसरतात हे खरं, पण कुठे बरं वाटलं आणि कुठे भीती वाटली, हे विसरणाऱ्या माणसालाही बराच काळ जाणवत राहतं. परत येताना "कसं होतं?" असं विचारू नका. कुणाशी बोललीस, कुणी वाढलं, एवढंच विचारा, आणि चेहऱ्याकडे बघा.

पंधरा दिवसांत चार वेगवेगळ्या वेळी जाऊन या. एकदा आंघोळीच्या आधी, एकदा जेवताना, एकदा रविवारी दुपारी, एकदा रात्री. पहिल्या आठवड्यात "मला घरी ने" असं त्या म्हणतील, आणि तुम्हाला रडू येईल. तेव्हा टाचा, वजन आणि पाण्याची बाटली बघा, त्यांचा हात धरून तासभर बसा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जा.

रात्रीची फेरी या आठवड्यातच करा. कोणत्या ठिकाणी काय दिसलं, आणि किल्ली कुणाकडे होती, ते मला कळवा.